मन पालटते, तसा शब्दही पालटावा

इंग्रजीतील भावदर्शक क्रियापदांचे समानार्थी शब्द: फरक, घडण आणि अभ्यासाची पद्धत

रुसणे, फुगणे, चिडणे, वैतागणे, संतापणे, भडकणे, खवळणे, धुमसणे. रागाची ही सारी रूपे मराठी माणूस लहानपणापासून अचूक वापरतो. तीन वर्षांचे मूल रुसते, जमाव खवळतो आणि रोज उशिरा येणाऱ्या लोकलला प्रवासी वैतागतात. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही आणि ही निवड करण्यासाठी कोणालाही कोश उघडावा लागत नाही. तीच व्यक्ती इंग्रजीत लिहू लागली, की मात्र रुसणाऱ्यापासून खवळणाऱ्यापर्यंत सारेच 'गॉट अँग्री' होऊन बसतात. दुःखाचे सारे प्रकार 'सॅड'मध्ये आणि आनंदाचे सारे प्रकार 'हॅपी'मध्ये कोंबले जातात.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय शिकवला जाऊ लागला. त्या वर्षी पाटी हातात घेतलेली मुले आज नोकरी-व्यवसायात स्थिरावली आहेत. इंग्रजीत माहिती देणे, हिशेब सांगणे, अहवाल लिहिणे त्यांना जमते. अडचण येते ती मनाविषयी बोलताना. मन एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत गेले, हे सांगणाऱ्या क्रियापदांचा साठा इंग्रजीत मोठा आहे. तो नुसत्या यादीने हाती लागत नाही, कारण त्या यादीतील शब्द समानार्थी म्हटले जात असले, तरी समान नसतात.

शब्द चुकला, तर काय बिघडते?

वरिष्ठांनी बैठकीत चूक दाखवली म्हणून कर्मचारी थोडा ओशाळला, एवढेच त्याला पत्रात कळवायचे आहे. त्यासाठी 'एम्बॅरस' हे क्रियापद पुरेसे आहे. त्याने कोशात शेजारीच दिसलेले 'ह्युमिलिएट' वापरले, तर पत्राचा अर्थच बदलतो. आपली प्रतिष्ठा चारचौघांत धुळीला मिळवली गेली, असा तो आरोप ठरतो. उलट, ज्याचा खरोखर पाणउतारा झाला आहे, त्याने 'एम्बॅरस' लिहिले, तर तक्रार वाचणाऱ्याला ती किरकोळ वाटते आणि बाजूला पडते. दवाखान्यातही हेच घडते. बातमी ऐकून वाईट वाटले, यासाठी 'सॅडन' आहे. 'डिप्रेस' या शब्दामागे दीर्घ काळच्या खिन्नतेची, प्रसंगी आजाराची छाया असते. डॉक्टरांपुढे यातला कोणता शब्द उच्चारला जातो, याला महत्त्व आहे.

कायद्याच्या भाषेत तर असा एकेक शब्द माणसाच्या आयुष्याचा निकाल करतो. मुंबईत २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. तो खटला ज्या मुद्द्यांभोवती फिरला, त्यांतला एक होता गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा, म्हणजे इंग्रजी 'प्रोव्होक' या क्रियापदाच्या अर्थाचा. पत्नीच्या कबुलीने नानावटी प्रक्षुब्ध झाले असतील. परंतु घर सोडल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते आणि स्वतःवर ताबा मिळवण्यास तेवढा अवधी पुरेसा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ठरवले आणि जन्मठेप कायम केली. प्रक्षुब्ध होणे आणि शांत होणे या दोन क्रियांमधील अंतर न्यायालयाने घड्याळ लावून मोजले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही शांतताभंग व्हावा या हेतूने अपमान करून चिथावणी देणे, म्हणजे 'प्रोव्होक', आणि धमकी देऊन भय घालणे, म्हणजे 'इन्टिमिडेट', हे दोन स्वतंत्र गुन्हे आहेत.

अमरकोशापासून रॉजेपर्यंत

समानार्थी शब्द एकत्र बांधण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अमरसिंहाचा 'नामलिंगानुशासन' हा ग्रंथ, म्हणजेच अमरकोश, विषयवार वर्ग पाडून पर्यायशब्द देतो. त्याच्या नाट्यवर्गात रस आणि भाव यांसोबत क्रोध, भय, हर्ष यांचे पर्यायही येतात. पाठशाळेत विद्यार्थी तो मुखोद्गत करीत. हेन्री टॉमस कोलब्रुक याने केलेली अमरकोशाची इंग्रजी आवृत्ती १८०८ साली सेरामपूर येथे छापली गेली.

इंग्रजीत हे काम सर्वांत गाजले ते पीटर मार्क रॉजे याच्या नावाने. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या रॉजेने शब्दांची पहिली यादी १८०५ साली स्वतःच्या उपयोगासाठी केली आणि 'थिसॉरस' प्रसिद्ध केला १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. शब्द अकारविल्हे न लावता त्याने कल्पनांचे सहा मोठे वर्ग पाडले आणि सहावा वर्ग भावभावनांना दिला. एका मथळ्याखाली आधी नामे, मग क्रियापदे, मग विशेषणे, आणि शेजारच्या स्तंभात विरुद्ध कल्पना, अशी त्याची मांडणी होती. आपल्या प्रस्तावनेत रॉजेने कोलब्रुकच्या अमरकोशाचा उल्लेख केला आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

इंग्रजीत दुसरीही एक परंपरा होती. हेस्टर पिओझी यांनी १७९४ साली आणि जॉर्ज क्रॅब यांनी १८१६ साली प्रसिद्ध केलेली पुस्तके शब्द गोळा करण्यापेक्षा त्यांतील भेद समजावून सांगणारी होती. हे दोन मार्ग एकमेकांना पूरक आहेत. रॉजेचा कोश दहा शब्द पुढ्यात ठेवतो. त्यांतला कोणता उचलावा, हे सांगत नाही. ज्याला तो शब्द आधीपासून माहीत आहे पण ऐनवेळी आठवत नाही, अशा वाचकासाठी तो लिहिलेला आहे. परभाषा शिकणाऱ्याने त्याच्यावरच विसंबणे धोक्याचे, ते यासाठी.

चार प्रश्न

मनातील बदल सांगणारे कोणतेही क्रियापद शिकताना चार प्रश्न विचारावेत. पहिला, मन कोठून कोठे गेले? 'चिअर अप' म्हणजे आनंदी करणे खरे, परंतु समोरची व्यक्ती आधी उदास असली पाहिजे. 'कन्सोल' दुःखितालाच करता येते, 'रीअश्युअर' शंकिताला आणि 'प्लकेट' रागावलेल्याला. दुसरा प्रश्न, बदल किती मोठा? तिसरा, तो कोणी घडवला आणि हेतुपुरस्सर की नकळत? चौथा, तो क्षणभराचा की टिकणारा? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, की दहा शब्दांच्या गर्दीतून बहुतेक वेळा एकच शब्द उरतो.

राग: 'अनॉय' ते 'इन्फ्युरिएट'

'अनॉय' ही पहिली पायरी. डासांची गुणगुण, शेजारच्या घरातील मोठा आवाज यांनी माणूस 'अनॉय' होतो. 'इरिटेट' त्याच्या जवळचे, परंतु सतत टोचत राहण्याची छटा त्यात आहे. त्वचेची आग होण्यासाठीही हाच शब्द वापरतात. 'एक्झॅस्परेट'मध्ये सहनशक्ती संपल्याचा भाव येतो. पाचव्या खेपेसही कार्यालयातून काम न होता परतलेला माणूस 'एक्झॅस्परेट' होतो; मराठीत त्याला मेटाकुटीला येणे म्हणता येईल. 'इन्फ्युरिएट' आणि 'एनरेज' यांत राग अनावर होतो. 'इन्सेन्स'मध्ये अन्याय झाल्याची चीड असते. 'ऑफेंड' मात्र या शिडीवर बसत नाही. त्यात रागापेक्षा मन दुखावले जाणे मुख्य असते आणि ज्याने दुखावले त्याला त्याची जाणीवही नसू शकते.

'प्रोव्होक'चा अर्थ मूळ लॅटिनमध्ये 'बाहेर बोलावणे' असा होता. म्हणूनच या शब्दात राग येण्याइतकेच, त्या रागाच्या भरात काही तरी कृती घडणेही अभिप्रेत असते. डिवचणे किंवा चिथावणे हे त्याचे खरे मराठी रूप.

दुसऱ्याने राग आणला असे न सांगता स्वतःच्या मनातील खळबळ सांगायची असेल, तर 'फ्यूम' आणि 'सीद' ही क्रियापदे आहेत. 'सीद'चा मूळ अर्थ उकळणे. राग बाहेर न पडता आत खदखदत असतो, तेव्हा ते वापरतात. त्याच्याशी उच्चाराने जवळचे 'सूद' म्हणजे शांत करणे. दोन्हींचा अर्थ नेमका उलट असल्याने कानाने ऐकलेल्या इंग्रजीत येथे घोटाळा होतो.

समजूत: एका क्रियेची सात नावे

रडणाऱ्या मुलाला किंवा दुखऱ्या अंगाला आराम देणे म्हणजे 'सूद'. अस्वस्थ मनाला, गोंधळलेल्या जमावाला स्थिर करणे म्हणजे 'काम'. भांडणाऱ्यांना किंवा आक्रमक झालेल्यांना थंड करणे 'पॅसिफाय'. रागावलेल्याला काही तरी देऊन, काही मान्य करून शांत करणे 'प्लकेट'. राग पूर्ण न जाता थोडा निवळला, तर 'मॉलिफाय'. जिवलग गमावलेल्याचे सांत्वन करणे 'कन्सोल' आणि शंका दूर करून धीर देणे 'रीअश्युअर'. अंत्यदर्शनासाठी आलेल्या नातेवाइकांना कोणी 'पॅसिफाय' केले असे लिहिले, तर तेथे भांडण झाले होते असा अर्थ निघेल.

'अपीज' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या मुळाशी 'शांतता' हाच अर्थ आहे आणि भूक भागवणे या अर्थानेही तो येतो. मात्र सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक येथे ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन आणि फ्रान्स यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटेनलँड हिटलरच्या पदरात टाकला आणि वर्षभरातच महायुद्ध पेटले. तेव्हापासून 'अपीज'ला दुर्बलतेने मागण्या मान्य करण्याचा कलंक चिकटला तो कायमचा. भारतीय राजकारणातील 'तुष्टीकरण' हा शब्दही त्याच सुरात वापरला जातो. एखाद्या अर्जात 'ग्राहकाला अपीज केले' असे लिहिणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसतो, पण वाचणाऱ्याला तो जाणवतो.

भीती आणि आश्चर्य

'स्केअर' बोलीतले, 'फ्रायटन' त्याहून किंचित औपचारिक. 'स्टार्टल' म्हणजे दचकवणे. त्यात भीती असेलच असे नाही आणि असली तरी ती क्षणभराची. 'अलार्म'मध्ये येऊ घातलेल्या संकटाची चिंता आहे. इटालियन भाषेतील 'शस्त्रे घ्या' या हाकेपासून हा शब्द बनला. 'डॉन्ट' म्हणजे कामाचा डोंगर पाहून कच खायला लावणे. 'इन्टिमिडेट' मध्ये धाक आहे. बहुधा तो जाणूनबुजून घातलेला असतो. 'टेरिफाय' म्हणजे गर्भगळीत करणे आणि 'पेट्रिफाय' म्हणजे भीतीने दगड होणे. ग्रीक भाषेतील खडकासाठीचा शब्द त्याच्या पोटात आहे. 'हॉरिफाय'मध्ये भीतीइतकाच धक्का आणि किळस असते. अपघाताचे दृश्य पाहून लोक 'हॉरिफाय' होतात, परीक्षेच्या निकालाने नव्हे. 'पॅनिक' हे क्रियापद मात्र ज्याचे त्यानेच करायचे असते. त्याच्या भूतकाळी रूपात 'के' हे जादा अक्षर येते, हे लिहिताना विसरू नये.

आश्चर्याच्या पायऱ्या त्या मानाने सरळ आहेत. 'सरप्राइज' सर्वांत सौम्य. 'अमेझ' आणि 'ॲस्टॉनिश' त्याच्या वर, 'अमेझ'मध्ये बहुधा कौतुक मिसळलेले. 'ॲस्टाउंड' त्याहून वर. 'ॲस्टॉनिश' आणि 'ॲस्टाउंड' ही दोन्ही लॅटिनमधील मेघगर्जनेच्या क्रियापदापासून आलेली मानतात. 'स्टन'मध्ये माणूस काही क्षण बधिर होतो आणि 'शॉक' मात्र बहुतेक वेळा वाईट गोष्टीनेच बसतो.

दुःख, निराशा, आनंद

'सॅडन' म्हणजे खिन्न करणे. 'डिसअपॉइंट'साठी आधी अपेक्षा हवी. ज्याने काही अपेक्षिलेच नव्हते, तो 'डिसअपॉइंट' होऊ शकत नाही. 'डिसहार्टन'मध्ये पुढे चालण्याची उमेद खचते. 'डिस्मे'मध्ये निराशा आणि चिंता एकत्र येतात. 'डिस्ट्रेस' व्यथित करते, 'डेव्हास्टेट' उद्ध्वस्त करते. 'ग्रीव्ह' म्हणजे मनात दुःख वाहणे, 'मोर्न' म्हणजे गेलेल्याचा शोक करणे आणि 'लमेन्ट' म्हणजे तो शोक शब्दांतून व्यक्त करणे. शोकसंदेशात 'डिसअपॉइंट' आणि क्रिकेटच्या पराभवावर 'मोर्न' लिहिले, तर वाचणाऱ्याला हसू येईल किंवा राग.

आनंदाकडे वळले, तर 'प्लीज' सौम्य, 'डिलाइट' त्याहून भरघोस, 'ग्लॅडन' थोडे साहित्यिक. 'इलेट' बहुधा विशेषणरूपातच भेटते आणि त्यात यशाने हवेत तरंगण्याची छटा असते. 'थ्रिल' म्हणजे रोमांचित करणे. 'एक्झिलरेट'मध्ये शरीरालाही तरतरी येते. सह्याद्रीच्या कड्यावरचा गार वारा माणसाला 'एक्झिलरेट' करतो. 'अम्यूज' म्हणजे गालात हसवणे. 'रिजॉइस'ला कर्म लागत नाही, ते आनंद साजरा करणे आहे.

लाज आणि धीर

'अबॅश' म्हणजे ओशाळे करणे, 'एम्बॅरस' म्हणजे अवघडल्यासारखे करणे. 'मॉर्टिफाय'मध्ये माणूस स्वतःच्याच नजरेत शरमेने मरतो; लॅटिनमधील 'मृत्यू' त्यात दडलेला आहे. 'ह्युमिलिएट' दुसरा कोणी तरी करतो. 'हंबल' त्याच्याच मुळापासून, 'जमीन' या अर्थाच्या शब्दापासून आले असले, तरी त्यात अपमान असेलच असे नाही. मोठ्या माणसाचे काम पाहून गर्व गळून पडणे हेही 'हंबल' होणेच आहे. म्हणूनच पुरस्कार स्वीकारणारे स्वतःविषयी तो शब्द वापरतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

धीराच्या बाजूला 'एन्करेज' सर्वांना ठाऊक आहे. 'हार्टन' म्हणजे उमेद देणे, 'एम्बोल्डन' म्हणजे धाडस वाढवणे. हे धाडस नेहमी चांगलेच असते असे नाही. पोलिसांच्या दुर्लक्षामुळे गुंड सोकावले, हे सांगताना 'एम्बोल्डन' बसते, 'एन्करेज' नव्हे.

'मला'ची अडचण

शब्द कळला तरी वाक्य चुकते, याचे कारण दोन्ही भाषांच्या घडणीत आहे. मराठीत भावना बहुधा बाहेरून माणसाकडे येते. 'मला राग आला', 'त्याला वाईट वाटले', 'तिला भीती वाटली', या वाक्यांत ज्याला भावना झाली तो 'ला' प्रत्यय घेऊन उभा असतो. इंग्रजीत एक तर ज्यामुळे भावना झाली ते कर्ता बनते आणि माणूस कर्म होतो, जसे 'द न्यूज सॅडन्ड हिम'. किंवा माणूस कर्ता होतो आणि क्रियापदाचे 'ईडी'कारान्त रूप वापरतात, जसे 'ही वॉज सॅडन्ड बाय द न्यूज'.

बेथ लेव्हिन या अमेरिकन भाषाभ्यासक महिलेने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी क्रियापदांच्या वर्गीकरणात भावदर्शक क्रियापदांचे चार गट केले आहेत. 'अम्यूज' गटात कारण हे कर्ता असते आणि हा गट सर्वांत मोठा, दोनशेहून अधिक क्रियापदांचा आहे. 'ॲडमायर' गटात भावना बाळगणारा कर्ता असतो. 'मार्व्हल' गटात कर्ता तोच, पण मध्ये शब्दयोगी अव्यय लागते. 'अपील' गटात कारण कर्ता असते आणि माणसाआधी 'टू' येते. नवे क्रियापद कोणत्या गटातले, एवढे टिपून ठेवले तरी निम्म्या चुका टळतात.

उरलेल्या चुका ठरावीक आहेत. 'मी बोअर झालो' याचे 'आय ॲम बोअरिंग' असे इंग्रजी केले, तर 'मी कंटाळवाणा माणूस आहे' असा अर्थ होतो; तेथे 'बोअर्ड' हवे. भावना निर्माण करणाऱ्याला 'आयएनजी', भोगणाऱ्याला 'ईडी', हा नियम 'इंटरेस्ट', 'एक्साइट', 'कन्फ्यूज', 'टायर' अशा सर्वांना लागू पडतो. 'टेन्शन आले' हे मराठी झाले. इंग्रजीत 'आय वॉज वरीड' म्हणावे. 'आम्ही खूप एन्जॉय केले' हे 'वुई एन्जॉइड अ लॉट' असे सांगितले जाते. 'एन्जॉय'ला कर्म लागते, म्हणून 'वुई एन्जॉइड अवरसेल्व्ह्ज' किंवा काय आवडले ते सांगावे. 'अँग्री' व्यक्तीबाबत 'विथ' घेते, गोष्टीबाबत 'अबाउट' किंवा 'ॲट'.

ओळखीचे प्रत्यय, ओळखीची मुळे

मराठीत घाबरणे-घाबरवणे, हसणे-हसवणे, रडणे-रडवणे अशा जोड्या प्रत्ययाने बनतात. इंग्रजीतही अशी सोय आहे. विशेषणाला किंवा नामाला 'ईएन' लावून 'सॅडन', 'ग्लॅडन', 'मॅडन', 'हार्टन'. आधी 'एन' किंवा 'एम' लावून 'एनरेज', 'एन्करेज', 'एम्बोल्डन'. 'फाय'ने संपणारी 'टेरिफाय', 'हॉरिफाय', 'पॅसिफाय', 'मॉलिफाय' ही क्रियापदे लॅटिनमधून आली असून त्या 'फाय'चा अर्थ 'करणे' असाच आहे. मात्र मराठीतही चिडणेपासून चिडवणे बनले, की अर्थ थट्टेकडे सरकतो. प्रत्यय अर्थाचा अंदाज देतो, हमी देत नाही.

संस्कृत आणि लॅटिन या भगिनीभाषा असल्याने काही शब्दांची मुळे मराठी वाचकाच्या घरातलीच निघतात. 'टेरिफाय'चे मूळ आणि संस्कृतातील 'त्रस्' धातू एकच. संस्कृतात त्रास म्हणजे भय. मराठीत येता येता तो गैरसोयीपर्यंत खाली आला. 'मॉलिफाय'मागील लॅटिन शब्द आपल्या 'मृदू'चा नातलग आहे, तर 'ग्रीव्ह'मागील जड या अर्थाचा शब्द 'गुरू'चा. सर्वांत नवल 'हॉरिफाय'चे. त्याच्या मुळाशी अंगावर काटा येणे हा अर्थ आहे आणि तोच अर्थ संस्कृतातील 'हृष्' धातूत आहे. एका भाषेने तो काटा भयाकडे नेला, दुसरीने हर्षाकडे. 'रोमहर्षक' या शब्दात आजही दोन्हींची खूण दिसते.

अभ्यास कसा करावा?

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांत समानार्थी व विरुद्धार्थी शब्द विचारले जातात. आयईएलटीएसच्या लेखन आणि संभाषण चाचणीत शब्दसंपत्ती हा चार निकषांपैकी एक असतो. जीआरई परीक्षेने २०११ साली नुसते विरुद्धार्थी शब्द विचारणे बंद केले आणि वाक्यात बसून सारखाच अर्थ देणारे दोन शब्द निवडायला सांगण्यास सुरुवात केली. या बदलातच अभ्यासाची दिशा आहे. शब्द सुटा न शिकता वाक्यात शिकावा.

रोज दहा शब्दांऐवजी आठवड्याला एकच भावना घ्यावी. तिची पाच-सहा क्रियापदे सौम्य ते तीव्र अशा क्रमाने उभी लिहावीत आणि प्रत्येकासमोर मराठीतला 'राग' किंवा 'दुःख' असा ढोबळ शब्द न लिहिता वैतागणे, धुमसणे, हिरमुसणे असा नेमका शब्द शोधावा. थिसॉरसमध्ये सापडलेला शब्द आधी विद्यार्थ्यांसाठीच्या कोशात तपासावा. ए. एस. हॉर्नबी यांचा ऑक्सफर्डचा कोश याच वाचकवर्गासाठी बनला असून त्यात क्रियापदाला कर्म लागते की नाही, कोणते शब्दयोगी अव्यय येते, शब्द औपचारिक की बोलीतला, हे सारे दिलेले असते. मराठीकडून इंग्रजीकडे जाण्यासाठी मोल्सवर्थचा १८३१ सालचा आणि १८५७ साली सुधारून वाढवलेला मराठी-इंग्रजी कोश आजही उपयोगी पडतो, कारण मराठी क्रियापदांच्या छटा त्याने बारकाईने टिपल्या आहेत. त्यातले इंग्रजी मात्र जुने आहे, हे ध्यानात ठेवावे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले मराठी शब्दजाल, म्हणजे वर्डनेट, मराठी पर्यायांसाठी हाताशी असावे.

बोलण्यात आणि लिहिण्यातही फरक करावा. मित्राशी बोलताना 'काम डाउन', 'चिअर अप', 'ब्रेक डाउन', 'लेट डाउन', 'कूल ऑफ' ही जोडक्रियापदे स्वाभाविक वाटतात. तेथे 'मॉलिफाय' किंवा 'एक्झिलरेट' वापरणे म्हणजे कट्ट्यावर सभेतले भाषण करणे होय. उलट, अर्जात आणि अहवालात जोडक्रियापदे सैल वाटतात. शेवटी, तीव्र शब्द राखून ठेवावा. प्रत्येक किरकोळ उशिराला 'इन्फ्युरिएट' म्हणणाऱ्याकडे खऱ्या अन्यायाच्या वेळी शब्द उरत नाही.

जे इंग्रजीत सापडत नाही

काही ठिकाणी शोध थांबवावा लागतो. 'सल्क' म्हणजे फुगून बसणे. त्यात नापसंती आहे. मराठीतल्या रुसण्यात समोरच्याने मनधरणी करावी ही अपेक्षा असते, रुसवा काढणारा कोणी तरी गृहीत असतो. 'सल्क'मध्ये ती व्यक्ती नाही. 'गहिवरणे'साठी 'बी मूव्हड' किंवा 'चोक अप' म्हणता येते, पण त्यात डोळ्यांतले पाणी आणि माया एकत्र येत नाहीत. 'हिरमुसणे' हे क्रियापद इंग्रजीत 'क्रेस्टफॉलन' या विशेषणाने भागवावे लागते. अशा वेळी एका शब्दाचा हट्ट सोडून काय घडले ते साध्या वाक्यात सांगावे: ती बोलेनाशी झाली आणि कोणी तरी येऊन विचारावे म्हणून दाराकडे पाहत राहिली. चांगले इंग्रजी लिहिणारेही अशा ठिकाणी हेच करतात.